निंदणाच्या दिवसांतला पाहुणा

पाहुणा शनिवारी येणार असेल तर त्याचं काम गुरुवारीच सुरू होतं. आधी भिंत. बांबूच्या कुडावर लिंपलेली माती पावसाने सुटते, तिथे भुसा कालवलेला चिखल दाबून बसवायचा. मग जमीन सारवायची. मेळघाटात ऑगस्टमध्ये सारवलेली जमीन वाळत नाही, कारण ढग दारातून घरात येतो. म्हणून घरची बाई घमेल्यात निखारे घेऊन खोलीभर फिरवते, एका कोपऱ्यात ठेवते, थोड्या वेळाने दुसऱ्या. खोलीत धूर होतो, तो जायला दार उघडं ठेवावं लागतं आणि दार उघडलं की पुन्हा ओल. पाहुण्याला यातलं काही दिसत नाही. त्याला दिसते ती स्वच्छ, किंचित शेणाचा वास असलेली जमीन, आणि तो तिचा फोटो काढतो.

परतवाड्याहून घाट चढून वर आलं की मेळघाटातली ही गावं लागतात. अचलपूर आणि परतवाडा ही जुळी शहरं सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी. खाली कपाशी, तूर, संत्रा. वर साग, बांबू आणि कोरकू आदिवासींचे ढाने, म्हणजे वस्त्या. कोरकू गावाची रचना एकदा पाहिली की विसरत नाही. समोरासमोर घरांच्या दोन सरळ ओळी आणि मधे रुंद, झाडलेला रस्ता. प्रत्येक दार समोरच्या दाराकडे तोंड करून असतं. एका घरी पाहुणा उतरला की तो अख्ख्या गावाकडे उतरलेला असतो. मी ज्या गावात राहिलो त्याचं नाव इथे लिहीत नाही. तिथे सध्या मोजकीच घरं पाहुणे ठेवतात, आणि ती मोजकीच राहावीत असं गावाचं म्हणणं आहे.

पाहुण्याला देतात ती खोली बहुतेक घरांत धान्याचीच असते. एका बाजूला कणगी, वर दोरीला टांगलेली मक्याची कणसं, खाली खाट. कणगी हलवता येत नाही, त्यामुळे पाहुणा घरच्यांच्या वर्षभराच्या पोटापाण्याशेजारी झोपतो. रात्री उंदीर धावतात. पहाटे मी उठून बसलेला पाहून घरच्या बाईने विचारलं, "काऊन भाऊ, झोप नाई आली का?" आणि उत्तराची वाट न पाहता गुंड उचलून हातपंपाकडे निघाली.

पैसे घेऊन घरी पाहुणे ठेवण्याच्या या उद्योगाचा खरा हिशेब पाण्यापासून सुरू होतो, असं मला वाटतं. शहरातला माणूस आंघोळीला एक बादली घेतो, संडासात दुसरी ओततो, हात धुवायला तांब्या वेगळा. ते सगळं पाणी कोणाच्या तरी डोक्यावरून, कमरेवरून येतं. पावसाळ्यात पंप जवळ आणि पाणी भरपूर. उन्हाळ्यात तोच पंप धापा टाकतो आणि बाया नाल्यातल्या झिऱ्यापर्यंत जातात. दरपत्रकात जेवण, चहा, मुक्काम असे आकडे असतात. पाण्याचा नसतो, सरपणाचाही नसतो.

आणि घरच्या बाईच्या बुडालेल्या दिवसाचाही नसतो. चिखलदरा हे इथलं थंड हवेचं ठिकाण, समुद्रसपाटीपासून 1,118 मीटर उंच. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी अमरावती, अकोला, नागपूरच्या गाड्या धुकं बघायला तिथे रांगा लावतात. हॉटेलं भरली की उरलेले लोक आजूबाजूच्या गावांत "रूम आहे का?" विचारत हिंडतात. नेमक्या याच आठवड्यांत शेतात निंदण असतं. सोयाबीन, मका, कुटकी, सगळ्यांतलं तण एकदम डोकं काढतं, आणि निंदण बायाच करतात. "घरी रायली त रोज बुडते," घरच्या बाईने मला सांगितलं. तक्रार म्हणून नव्हे, हिशेब म्हणून. माझ्यासाठी ती दोन दिवस शेतात गेली नव्हती. मी दिलेल्या पैशातून तिची बुडालेली मजुरी वजा केली तर काय उरतं, हे मी मनातल्या मनात मोजत बसलो, आणि उरलेली रक्कम काही फुशारकी मारण्यासारखी नव्हती.

हिवाळ्यात उलटं होतं. जंगल तेव्हा सगळ्यात देखणं असतं, व्याघ्र प्रकल्पातली सफारी सुरू असते, पक्षी बघणारे येतात. पण दिवाळी आटोपली की अर्धं गाव खाली उतरतं: हरभऱ्याच्या सोंगणीला, संत्र्याच्या बागांत, वीटभट्ट्यांवर. घरांना कुलपं. होळीला सगळे परततात, कारण कोरकूंसाठी होळी म्हणजे वर्षातला सर्वांत मोठा सण. तेव्हा मेळघाटातल्या रस्त्यांवर पोरं-बाया गाड्या अडवून फगवा, म्हणजे होळीचे पैसे, मागतात. शहरी पाहुणे आधी घाबरतात आणि मग व्हिडिओ काढतात. म्हणजे पाहुण्याचा हंगाम आणि घराचा हंगाम जवळपास कधीच जुळत नाही.

जेवणाचंही तसंच. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, तेव्हापासून पाहुणे कुटकी मागूनच घेतात. कुटकीचा दाणा मोहरीएवढा. त्याचं टरफल काढायचं म्हणजे उखळात मुसळाने कांडायचं, सुपात पाखडायचं, पुन्हा कांडायचं, पुन्हा पाखडायचं. माझ्या एका ताटासाठी सकाळचा बराच वेळ मुसळाचा आवाज येत होता. संध्याकाळी घरच्यांच्या ताटात पाहिलं तर रेशनचा तांदूळ. कुटकी पाहुण्यांसाठी राखलेली. 1993 मध्ये बालमृत्यूंच्या बातम्यांनी मेळघाट हे नाव राज्यभर पोचलं ते कुपोषणाच्या संदर्भात, आणि ते अजून तिथेच अडकलंय. म्हणूनच पाहुणे बिस्किटांचे पुडे घेऊन येतात आणि पोरांना ओळीत उभं करून वाटतात. घरी आलेल्या माणसाने घरच्या पोरांना असं रांगेत उभं करावं, हे मला तरी रुचलं नाही.

मग हे करायचं तरी कसं? पाहुण्यांची ददात नाही. प्रश्न आहे तो कोणाच्या घरी, किती आणि कोणत्या दिवसांत, हे ठरवण्याचा. लडाखमध्ये हिमबिबट्याच्या संवर्धनाला जोडून सुरू झालेल्या घरगुती मुक्कामांत गावातल्या घरांना आळीपाळीने पाहुणे मिळतात आणि कमाईचा काही भाग गावाच्या निधीत जातो. आपल्याकडे अकोले तालुक्यातल्या पुरुषवाडीत महादेव कोळी घरांनी असाच रस्ता धरला, काजव्यांच्या दिवसांत तिथे मोठी ये-जा असते. दोन्हीकडे पाळी गाव ठरवतं.

आणि गावाने मिळून ठरवण्याची ही सवय अचलपूर तालुक्याला नवी नाही. परतवाड्याजवळच्या पायविहीर गावाला 2012 मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे 193 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. एके काळी उघड्या पडलेल्या त्या टेकड्यांवर ग्रामसभेने चराई आणि तोड आवरली, सीताफळं वाढली आणि ती गावाच्या नावाने शहरात जाऊ लागली. पाहुण्यांचं गणित यापेक्षा वेगळं नाही. सामाईक गोष्ट आहे आणि ती प्रत्येकाने मनाला येईल तशी ओरबाडली तर संपते. जिथे जंगलाचे ठराव गावाने करून पाळले, तिथे पाहुण्यांचेही पाळले जातील. जिथे गाव कधी एकत्र बसलंच नाही, तिथे पाहुणे ठेवण्याची योजना कोणी आणली तरी फोन ज्याच्या हातात, पाहुणा त्याच्या घरी.

मी राहिलो त्या गावात पाळीची वही आहे. वहीत एक अडचण लगेच दिसते: ज्या घरी धड संडास नाही आणि वेगळी खोली नाही, त्या घराचं नाव वहीतच नाही. म्हणजे सगळ्यात गरीब घर बाहेर. त्यावर गावाने तोडगा काढलाय: कोंबडी, भाजी, दूध त्या घरांकडून घ्यायचं आणि जंगलात सोबत जाणारा माणूसही तिथलाच. माझ्यासोबत आलेला तरुण अशाच घरचा होता. 1997 मध्ये पुन्हा सापडेपर्यंत नामशेष मानला गेलेला रानपिंगळा मेळघाटात आहे, आणि या पोराने तो नुसत्या आवाजावरून, हवेत बोट दाखवून, सागाच्या फांदीवर हेरून दिला. दुर्बिणीतून बघूनही मला तो सापडायला वेळ लागला. त्या सकाळचे त्याचे पैसे माझ्या मुक्कामाच्या पैशांपेक्षा फार कमी नव्हते, आणि ते असेच असायला हवेत.

निघण्याच्या आदल्या रात्री मधल्या रस्त्यावर बैठक होती. विषय दरांचा. बाईच्या बुडालेल्या रोजाची रक्कम मुक्कामाच्या दरात वेगळी लिहावी, असं कोणीतरी सुचवलं. दोन-तीन पुरुष हसले. घरातलंच काम तर आहे, त्याचे कसले पैसे, असा सूर. एक म्हातारी ओट्यावरूनच म्हणाली, "मंग तुमीच सारवा." थोडा वेळ कोणी बोललं नाही, मग सगळे एकदम बोलायला लागले. शेवटी दोन गोष्टी ठरल्या: निंदण जोरात असेल ते दोन आठवडे पाहुणे घ्यायचे नाहीत, आणि रोजाची ओळ वहीत घालायची. रक्कम किती, यावर मात्र एकमत झालं नाही. ते पोळ्यानंतरच्या बैठकीवर गेलं.