कोड खुला, नाव नव्हे

जयपूरच्या मुरलीपुऱ्यात बसून एखाद्याने उद्या मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट हे धंद्याचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, संगमरवराच्या व्यापाऱ्यांना लागणारे बदल त्यात केले आणि पैसे घेऊन विकायला काढलं, तर त्याला कोणाला विचारावं लागत नाही. ते ज्या लायसन्सखाली मिळतं, त्या जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत ही मुभा आहे. विचारावं लागतं ते पाटीवर ‘ईआरपीनेक्स्ट राजस्थान’ असं लिहिताना.

‘कोड मोफत, म्हणजे नावही मोफत’ हा या व्यवहारातला सगळ्यांत पसरलेला गैरसमज. लायसन्स कोडच्या हक्कांबद्दल बोलतं. नाव आणि बोधचिन्ह हा ट्रेडमार्कचा विषय, त्याचा कायदा वेगळा: भारतात 1999चा. अपाचे लायसन्सच्या दुसऱ्या आवृत्तीतलं सहावं कलम तर सरळच सांगतं की नाव वापरायची परवानगी यात नाही. ट्रेडमार्कचे हक्क देत नाही, अशी अट जोडायची सोय जीपीएलच्या सातव्या कलमातही आहे. फ्रॅपेने आपलं ट्रेडमार्क धोरण कोडसोबतच ठेवलं आहे, पण लायसन्सची फाइल उघडणारे निम्मे लोकही ती दुसरी फाइल उघडत असतील असं मला वाटत नाही.

ती उघडली तर दुसरा, अगदी उलटा गैरसमजही दूर होतो. ‘मग मूळ नाव उच्चारायचंच नाही का?’ असं काही जण घाबरून विचारतात. खुशाल उच्चारा. ‘आम्ही ईआरपीनेक्स्टची सल्लासेवा देतो’ असं एखाद्या फर्मने लिहिलेलं धोरणाला चालतं. चालत नाही ते फर्मचंच नाव ‘ईआरपीनेक्स्ट सल्ला कंपनी’ ठेवणं, किंवा ते नाव डोमेनमध्ये घालणं. फरक साधा आहे: कशाबद्दल बोलताय हे सांगायला नाव वापरा, स्वतः कोण आहात हे सांगायला नको. भारतीय कायद्याच्या 30व्या कलमातही मालाचा उपयोग किंवा प्रकार सांगण्यापुरता दुसऱ्याच्या चिन्हाचा उल्लेख चालतो.

रीतसर कसं करावं, याचा नमुना फ्रान्समध्ये आहे. ईआरपीनेक्स्टवरून तिथे फोर्क, म्हणजे मूळ कोड घेऊन वेगळी वाढवलेली आवृत्ती, निघाला, त्याचं नाव डोकोस. ईआरपीनेक्स्ट ज्यावर उभं आहे त्या फ्रॅपे फ्रेमवर्कचाही फोर्क केला, त्याला नाव दिलं डोडॉक. मूळ कुठलं हे ते लपवत नाहीत, आणि ग्राहकाचा घोटाळाही होत नाही.

‘लोगो बदलला की झालं’ हेही खरं नाही. डेबियन ही लिनक्स प्रणाली फायरफॉक्स ब्राउझर त्याचा लोगो वगळून देत असे, कारण तो लोगो त्यांच्या मुक्त सॉफ्टवेअरच्या नियमात बसत नव्हता. 2006 साली फायरफॉक्सच्या मालक मोझिलाने म्हटलं की नाव हवं तर लोगोही घ्या आणि कोडमधले बदल आम्हाला दाखवा. डेबियनने नावच सोडलं आणि आइसवीझल आलं. 2016 मध्ये समेट होऊन फायरफॉक्स परतलं, तोवर दहा वर्षं गेली होती.

एखादं अक्षर इकडेतिकडे करूनही सुटका नाही. ‘सिफी’ या नावाचे डोमेन चालवणाऱ्या सत्यम इन्फोवेच्या समोर ‘सिफ्फीनेट’ उभं राहिलं, तेव्हा 2004 साली सर्वोच्च न्यायालयाने सत्यमच्या बाजूने निकाल दिला. डोमेनच्या नावालाही ‘पासिंग ऑफ’विरुद्ध संरक्षण मिळतं, हे या निकालाने पक्कं झालं. पासिंग ऑफ म्हणजे आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवणं. त्याविरुद्ध दाद मागायला नोंदणी लागत नाही, त्यामुळे ‘त्यांनी कुठे नाव रजिस्टर केलंय?’ हा युक्तिवादही टिकत नाही.

मला सगळ्यांत खटकतो तो शेवटचा गैरसमज: फोर्क केला म्हणजे मूळ मालकाचा मागमूस पुसायचा. ईआरपीनेक्स्टच्या ‘हुक्स’ फाइलमध्ये ॲपचं शीर्षक आणि प्रकाशक असे रकाने असतात. तिथे तुमचं नाव जरूर घाला, लॉगिनच्या पानावरही घाला. पण कोडच्या फाइलींच्या माथ्यावरची ‘कॉपीराइट फ्रॅपे’ ही ओळ राहू द्यायची आहे. शिवाय आपण बदल केलेत हे तारखेसह ठळक नोंदवा, असं जीपीएलचं पाचवं कलम बजावतं. प्रत्यक्षात अनेक विक्रेते नेमकं उलटं करतात. कॉपीराइटची ओळ खोडतात आणि ओळखीचं नाव मात्र जाहिरातीत मिरवतात. म्हणजे एका कामात दोन्ही कायदे मोडतात.

आपलं नवं नाव नोंदवायचं असेल तर राजस्थानचे अर्ज ट्रेडमार्क नोंदणीच्या अहमदाबाद कार्यालयाकडे जातात, महाराष्ट्राचे मुंबईला. सॉफ्टवेअरचा वर्ग 9, सेवा देणार असाल तर 42. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांना ऑनलाइन अर्जाला 2017च्या नियमांप्रमाणे प्रत्येक वर्गामागे 4,500 रुपये, इतरांना 9,000. नोंदणी 10 वर्षांची, पुढे नूतनीकरण. नोंदणी हाती येईपर्यंत नावापुढे टीएम लावा. वर्तुळातला आर आधीच लावला तर 107व्या कलमाखाली दंड होऊ शकतो. आणि पाटी रंगवायला देण्याआधी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर ते नाव शोधून बघा, त्याला पैसे पडत नाहीत.