गोठलेला खांदा

वेणी घालण्यासाठी हात मागे नेला आणि तो अर्ध्या वाटेतच अडला, अशी या दुखण्याची हकीकत पुष्कळ गृहिणी सांगतात. पुरुषांना तेच सदऱ्याची बाही चढविताना किंवा विजारीच्या मागच्या खिशाशी उमगते. पडझड नाही, मार नाही. काही आठवडे खांदा ठणकतो, रात्री त्या कुशीवर निजवत नाही आणि मग एके दिवशी फळीवरचा डबा हाती लागेनासा होतो. वय बहुधा चाळीस ते साठ. घरातील निदान तयारच असते: 'वात आहे!'

बडोद्याच्या आमच्या मावशींचे असेच झाले. शेजारच्या सल्ल्यावरून त्यांनी हात तीन महिने झोळीत घालून गळ्यात अडकविला. ठणका निवळला, पण झोळी सुटली तेव्हा हात खांद्याच्या उंचीलाही पोचेना. पुढे डॉक्टरांनी रक्त तपासले, तेव्हा मधुमेह निघाला. तोवर त्याची त्यांना दादही नव्हती. मधुमेह्यांत हा विकार इतरांपेक्षा बराच अधिक आढळतो, म्हणून खांदा आखडला की साखर तपासून घ्यावी.

'फ्रोझन शोल्डर' हे नाव बोस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ साली दिले. गोठते ते हाड नव्हे. सांध्याभोवती पातळ पिशवीसारखे आवरण असते आणि काखेच्या बाजूस त्याची सैल घडी असते. हात वर करताना ती उलगडते. या विकारात आवरणाला सूज येते, ते जाड होऊन आकसते व घडी उलगडत नाही. एक्स-रे बहुधा निर्दोष येतो, त्यामुळे रोगी ढोंग करतो असाही आरोप घरातून होतो! ओळखण्याची एक खूण आहे. दुसऱ्याने हलक्या हाताने उचलला तरीही हात वर जात नाही. आपल्याला उचलवत नाही, पण दुसऱ्याने उचलला की जातो, असे असेल तर स्नायूची दोरी तुटल्याची शंका घ्यावी.

ज्या गावी प्रा. माणिकरावांसारख्या व्यायामाचार्यांनी हाडवैद्यकीतही नाव मिळविले, तेथे 'खांदा उतरला' म्हणून मालीशवाल्याकडे धाव घेतली जाते, यात नवल नाही. परंतु हा खांदा उतरलेला नसतो. तो हिसडा देऊन 'बसविण्याने' इजाच होते.

सुरुवातीच्या ठणक्यात डॉक्टर औषध देतात, कधी सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. मधुमेह्याने त्यानंतर काही दिवस साखरेवर लक्ष ठेवावे, कारण ती वाढते. हालचाल मात्र या काळातही पूर्ण थांबवू नये. त्यासाठी कॉडमन यांच्याच नावाने ओळखला जाणारा झोक्याचा व्यायाम आहे. निरोगी हात मेजावर टेकून कमरेत वाकावे, दुखरा हात सैल लोंबू द्यावा आणि अंगाच्या डोलण्याने त्याला घड्याळाच्या लंबकासारखे हलवावे. खांद्याने जोर करायचा नाही. पुढे-मागे दहा, आडवे दहा, लहानशी वर्तुळे दहा, असे दिवसातून दोन-तीन वेळा करावे.

ठणका ओसरला की भिंतीकडे तोंड करून बोटांनी भिंत चढावी. जेथे बोटे थांबतील तेथे पेन्सिलीची खूण करावी. मावशींच्या स्वयंपाकघरात चुन्यावर अशा सतरा खुणा होत्या. पहिल्या पाच एकमेकींना जवळजवळ चिकटलेल्या. त्या पाहूनच त्या रडकुंडीला आल्या होत्या. पंचा पाठीमागे धरून निरोगी हाताने वर ओढणे आणि कोपर कमरेशी ठेवून काठीने पंजा बाहेर ढकलणे, हे आणखी दोन व्यायाम. शेवटचा कंटाळवाणा वाटतो, पण हात बाहेर वळविण्याची हालचालच सर्वांत जास्त हरवते. आधी दहा मिनिटे शेक घ्यावा. मधुमेह्याची कातडी बधिर असू शकते, म्हणून पाणी दुसऱ्याने पाहावे. ताण जाणवणे ठीक. पण दुखणे रात्रभर रेंगाळले तर दुसऱ्या दिवशी कमी करावे. फिजिओथेरपिस्टकडे एक-दोनदा जाऊन व्यायाम नीट शिकून घेणे उत्तम.

ही युक्ती कोपराच्या दुखण्याला मात्र लावू नये. जन्मात रॅकेट न धरलेल्यांनाही होणाऱ्या 'टेनिस एल्बो'त स्नायूच्या दोरीवर भार फार झालेला असतो. तेथे कपडे पिळणे आधी कमी करावे आणि मग जोर हळूहळू वाढवावा.

खांदा सुटायला वर्ष, दोन वर्षे, कधी त्याहूनही अधिक लागतात. बहुतेकांना कामापुरता हात परत मिळतो, काहींना थोडी अडचण राहते. पडल्यावर दुखू लागले, ताप आला, सांधा लाल झाला, तर व्यायाम न करता आधी डॉक्टर गाठावा. छाती भरून येऊन घामासह डावा हात दुखला तर तत्काळ इस्पितळ!

तोवर झोपताना हाताखाली उशी घ्यावी. सदरा किंवा झंपर घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी.