तोंड सोललेलं असताना जेवायचं कसं?

खान्देशी जेवणाला शाबूत तोंड लागतं. कळण्याच्या भाकरीचा खरपूस काठ, काळ्या मसाल्याची शेवभाजी, हिरव्या मिरचीचा ठेचा, वांग्याचं भरीत. पेम्फिगसच्या रुग्णाला यातला एक घासही गिळणं मुश्किल होतं. दुखतं म्हणून तो कमी खातो, कमी खाल्ल्यामुळे जखमा भरत नाहीत आणि जखमा भरत नाहीत म्हणून तोंड दुखतच राहतं.

हा आजार शरीर स्वतःवरच ओढवून घेतं. त्वचेच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारं डेस्मोग्लीन नावाचं प्रथिन असतं. रोगप्रतिकारशक्ती त्यालाच शत्रू समजून प्रतिपिंडं तयार करते. मग पेशींची पकड सुटते, फोड येतात, ते सहज फुटतात आणि खालची त्वचा उघडी पडते. पेम्फिगस व्हल्गॅरिस या प्रकारात अनेकदा आधी तोंड सोलतं. अंगावर फोड यायला आणखी काही आठवडे, कधी महिनेही जातात. तोवर ‘तोंड आलंय’ म्हणून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांवर वेळ निघून गेलेला असतो. धुळ्याचं १९८८ सालचं भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असो की जळगावचं २०१८ साली सुरू झालेलं, असा रुग्ण वॉर्डात दाखल होतो तेव्हा त्याची उपासमार बरीच आधी सुरू झालेली असते. आजार संसर्गजन्य नाही, त्यामुळे त्याचं ताट वेगळं मांडायची गरज नाही.

स्टिरॉइड येण्यापूर्वी, म्हणजे १९५०च्या आधी, यातले बहुतेक रुग्ण दगावत. १९८०च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. जे. एस. पसरिचा यांनी डेक्सामेथासोन आणि सायक्लोफॉस्फमाइड या औषधांची पल्स पद्धत रुजवली. तीन दिवस सलाइनमधून मोठा डोस आणि दर २८ दिवसांनी पुन्हा तेच. अलीकडे रिटुक्सिमॅब हे औषधही आलं. आता जीव जातो तो मुख्यतः जंतुसंसर्गाने. उघडी त्वचा, दबलेली प्रतिकारशक्ती आणि त्यात रिकामं पोट असेल, तर संसर्गाला रान मोकळं मिळतं.

म्हणूनच ‘पथ्य’ या नावाखाली जे चालतं ते थांबायला हवं. त्वचेचा आजार म्हटला की नातेवाईक अंडी उष्ण म्हणून बंद करतात, डाळ वातूळ म्हणून काढतात, दुधाने पू होतो असं सांगतात. उरतो चहा-बिस्किट आणि मोसंबीचा रस. बिस्किटाची कड ओल्या जखमेला लागते, रस झोंबतो आणि दोन्हींत प्रथिनं जवळपास नाहीतच. इथे फोडांच्या पाण्यावाटे प्रथिनं सतत वाहून जात असतात आणि वर स्टिरॉइड स्नायू झिजवत असतं.

मोठ्या जखमा असलेल्या रुग्णाला दर किलो वजनामागे रोज सुमारे दीड ग्रॅम प्रथिनं लागतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे गणित डॉक्टर बदलतात. समजा, पारोळ्याकडची ५० किलो वजनाची शेतकरीण आहे. तिला ७५ ग्रॅम हवीत. दोन उकडलेली अंडी १२ ग्रॅम देतात, अर्धा लिटर दूध १६, दोन वाट्या घट्ट वरण १४, मूठ-दीड मूठ दाण्याचं बारीक कूट १२. बाकीची ज्वारी, खिचडी आणि दह्यातून मिळतात. यात महाग असं काही नाही. फक्त रूप बदलायचं. भाकरी दुधात किंवा बिनतिखट उडदाच्या पातळ दाळीत लगदा होईपर्यंत कुस्करायची, उकडलेलं अंडं कुस्करून मऊ भातात कालवायचं, दाण्याचं कूट पिठासारखं वाटून खिचडीत मिसळायचं. साक्रीकडच्या घरांत शिजणारी नागलीची पेज तर इथे फारच कामाची, कारण १०० ग्रॅम नागलीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं आणि स्टिरॉइड हाडांतलं कॅल्शियम कमी करतं.

वेळही महत्त्वाची आहे. डॉक्टरांनी दिलेलं बधिर करणारं जेल जेवणाच्या दहा मिनिटं आधी लावलं, तर घास सुसह्य होतो. पेज कोमट हवी, वाफाळती नको. तीन मोठ्या जेवणांऐवजी दर दोन तासांनी वाटीभर द्यावं आणि किती पोटात गेलं ते नर्सच्या कागदावर लिहिलं जावं. वैशाखात पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा उघड्या त्वचेतून पाणीही झपाट्याने उडतं, म्हणून पाणी आणि लघवी दोन्हींची नोंद हवी. तोंडाने काहीच जात नसेल, तर नाकातली मऊ नळी हा मार्ग असतो. अन्ननलिकाही सोललेली असू शकते, त्यामुळे नळी जपून घालावी लागते. फार दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम भरपूर अन्न दिलं, तर रक्तातले क्षार घसरतात. म्हणून सुरुवात थोड्याने करतात.

आणि केळी! रावेर-यावलच्या बागांतलं पिकलेलं केळं मऊ असतं, झोंबत नाही आणि स्टिरॉइडमुळे घटणारं पोटॅशियमही देतं. पण सकाळी घेतलेलं स्टिरॉइड दुपारनंतर साखर चढवतं, म्हणून त्या वेळची साखर तपासून केळ्यांची संख्या ठरवावी. केळीचं पानही उपयोगी आहे. उघड्या पाठीला चादर चिकटते आणि उचलताना त्वचा घेऊन येते. गुळगुळीत पान चिकटत नाही. मुंबईत डॉ. माधुरी गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाजलेल्या जखमांवर केळीच्या पानांची मलमपट्टी अभ्यासली आणि २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. अंगभर सोललेल्या रुग्णांना निर्जंतुक केलेल्या पानांवर झोपवण्याची पद्धत भारतातल्या त्वचारोग वॉर्डांत वापरली जाते. पाठीची आग कमी झालेला माणूस उठून बसतो आणि बसलेला माणूस चार घास जास्त खातो.

घरी गेल्यावर प्रश्न उलटा होतो. स्टिरॉइडने भूक खवळते, चेहरा सुजतो, वजन वाढतं. तेव्हा पापड, लोणचं, शेव यांचं मीठ आवरायचं, पण वरण-अंडं चालूच ठेवायचं. लसूण-कांद्याने पेम्फिगस भडकतो अशी शंका काही अभ्यासकांनी मांडली आहे, पण पुरावा तोकडा आहे; सरसकट बंदीची गरज नाही. तोंड भरून आल्यावर एका वेळी एकच पदार्थ परत सुरू करावा, चार दिवस पाहावं, मग पुढचा. ठेचा सगळ्यात शेवटी.