एका बाटलीत दोन इन्सुलिन

सकाळच्या न्याहारीपूर्वी एक इंजेक्शन आणि रात्रीच्या जेवणापूर्वी दुसरे, असा नेम मधुमेह असलेल्या अनेक घरांत वर्षानुवर्षे चालू असतो. बाटलीवर किंवा पेनवर ‘३०/७०’ असा आकडा छापलेला असतो. घरात त्याला सगळे नुसते ‘इन्सुलिन’ म्हणतात. पण त्या आकड्याचा अर्थ ठाऊक नसेल, तर नेम चुकवला नाही तरी साखर कधी चढते, कधी एकदम उतरते आणि कारण काही सापडत नाही.

अर्थ सोपा आहे. त्या बाटलीत दोन प्रकारची इन्सुलिन कारखान्यातच एकत्र केलेली असतात. १०० युनिटांपैकी ३० युनिट लवकर काम करणारी आणि ७० युनिट सावकाश काम करणारी. म्हणून याला ‘प्रीमिक्स’ किंवा मिश्र इन्सुलिन म्हणतात. २५/७५ आणि ५०/५० अशी मिश्रणेही मिळतात. आपल्याकडे लवकर काम करणाऱ्या भागाचा आकडा आधी लिहितात. अमेरिकेत हेच मिश्रण ‘७०/३०’ असे लिहिलेले असते. मुलांकडे परदेशी गेलेल्या आईवडिलांनी हे लक्षात ठेवावे.

दुपारचे जेवण सकाळीच ठरते

इन्सुलिनचा शोध १९२१ मध्ये कॅनडातील टोरांटोत लागला. सुरुवातीच्या इन्सुलिनचा परिणाम काही तासांतच ओसरे, त्यामुळे दिवसातून अनेकदा टोचून घ्यावे लागे. डेन्मार्कमधील डॉ. हॅन्स ख्रिश्चन हॅगेडॉर्न यांनी १९३६ च्या सुमारास माशांपासून मिळणाऱ्या प्रोटामिन या प्रथिनाशी इन्सुलिनची जोडी लावली आणि त्याचा परिणाम लांबवला. त्याच वाटेने पुढे एनपीएच हे इन्सुलिन आले. त्यातला ‘एच’ हा हॅगेडॉर्न यांच्या आडनावाचा. आजच्या नेहमीच्या ३०/७० मिश्रणातला ७० टक्के भाग याच एनपीएचचा असतो आणि बाटलीतला दुधट गढूळपणाही त्याचाच.

या जोडीचे काम घड्याळावर चालते. सकाळी आठच्या सुमारास इंजेक्शन घेतले, तर लवकर काम करणारा भाग अर्ध्या तासात सुरू होतो आणि न्याहारीनंतर वाढणारी साखर सांभाळतो. सावकाश भाग साधारण चार ते दहा तासांच्या दरम्यान सर्वात जोरात असतो, म्हणजे ऐन दुपारी. सकाळच्या इंजेक्शनमध्ये दुपारच्या जेवणाचा हिशेब आधीच धरलेला असतो. मग बँकेत रांग लागली, लग्नाची पंगत तीन वाजता बसली किंवा एसटी उशिरा पोहोचली, म्हणून इन्सुलिन थांबत नाही. जेवण आले नाही, तर ते रक्तातली आहे ती साखर खाली आणते.

रात्रीचेही तसेच. आठ वाजता घेतलेल्या इंजेक्शनचा सावकाश भाग मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत जोरात असतो. रात्री नीट न जेवता झोपलेल्या माणसाची साखर झोपेतच उतरू शकते. घामाने भिजलेले कपडे, भयानक स्वप्ने, सकाळी उठल्यावर डोकेदुखी ही त्याची खूण असू शकते. अशी शंका आली, तर दोन-तीन रात्री पहाटे तीनच्या सुमारास ग्लुकोमीटरवर साखर तपासून ते आकडे डॉक्टरांना दाखवावेत.

कमी टोचण्या हा मिश्र इन्सुलिनचा मोठा फायदा. त्याची किंमत मात्र वेळेवर जेवून चुकवावी लागते. दुसरी मर्यादा अशी की, मात्रा वाढवली की दोन्ही भाग एकदम वाढतात. उपाशीपोटीची साखर जास्त आली म्हणून रात्रीचे चार युनिट आपल्याच मनाने वाढवले, तर मध्यरात्रीचा धोकाही वाढतो. हा बदल डॉक्टरांनीच करायचा.

लाल टोपण, नारिंगी टोपण

भारतात इन्सुलिन दोन तीव्रतांत मिळते. बाटलीतले बरेचसे इन्सुलिन एका मिलीलिटरला ४० युनिट असते, तर पेनमधले १०० युनिट. १०० च्या बाटल्याही दुकानात असतात. सिरिंजही त्याप्रमाणे वेगळ्या असतात. ४० च्या सिरिंजचे टोपण लाल, १०० च्या सिरिंजचे नारिंगी. दिसायला दोन्ही जवळपास सारख्याच, त्यामुळे घोटाळा सहज होतो.

तो किती मोठा असतो, हे आकड्यांतच पाहावे. मात्रा २० युनिट आहे असे धरू. ४० च्या बाटलीतले औषध १०० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरले, तर अंगात जातात फक्त ८ युनिट. साखर चढत जाते आणि ‘इन्सुलिन लागू पडत नाही’ असा समज होतो. उलट, १०० च्या बाटलीतले औषध ४० च्या सिरिंजमध्ये २० पर्यंत भरले, तर ५० युनिट जातात. ही अडीचपट मात्रा जीवघेणी ठरू शकते.

म्हणून बाटली आणि सिरिंज एकाच वेळी घ्यावी आणि दोन्हींवरचा आकडा दुकानातच जुळवून पाहावा. नेहमीचे औषध नाही म्हणून दुकानदाराने दुसऱ्या कंपनीचे दिले, तर ४० की १०० आणि ३०/७० की ५०/५० या दोन्ही गोष्टी पुन्हा वाचाव्यात. अमेरिकेत ४० ची बाटली मिळत नाही. तिथे घेतलेले १०० चे इन्सुलिन इथून नेलेल्या लाल टोपणाच्या सिरिंजने कधीही घेऊ नये.

हलवा, पण घुसळू नका

बाटली उभी राहिली की गढूळ भाग तळाशी बसतो. तशीच टोचली, तर एक दिवस पातळ भाग जास्त जातो, दुसऱ्या दिवशी दाट. मात्रा तीच, परिणाम मात्र रोज निराळा. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पेनमधून एनपीएच घेणाऱ्या शंभराहून अधिक रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. बहुतेकांचे ढवळणे अपुरे होते आणि पेनमधल्या औषधाचे प्रमाण अपेक्षेच्या अगदी थोड्या टक्क्यांपासून दुपटीपर्यंत बदलत होते.

उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे. पेन किंवा बाटली दोन तळहातांमध्ये दहा वेळा हळूच फिरवावी. मग दहा वेळा वरखाली उलटसुलट करावी. औषध एकसारखे दुधट झाले की घ्यावे. जोरात घुसळू नये, त्याने फेस आणि बुडबुडे होतात आणि मात्रा चुकते. ढवळूनही गुठळ्या किंवा तळाशी पांढरा थर राहिला, तर ती बाटली टाकून द्यावी.

पेन असेल, तर दर वेळी नवी सुई लावून आधी दोन युनिट हवेत सोडून पाहावेत. सुईच्या टोकाला थेंब दिसला, म्हणजे पेन तयार. टोचल्यानंतर बटण दाबलेले ठेवून सावकाश दहा अंक मोजावेत आणि मगच सुई काढावी. काम झाल्यावर सुई पेनवर तशीच ठेवू नये. एकाचा पेन दुसऱ्याने वापरू नये, सुई बदलली तरीही नाही, कारण रक्ताचा अंश पेनमध्ये मागे जाऊ शकतो. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बंद डब्यात जमा कराव्यात. कचऱ्यात सुट्या टाकल्या, तर सफाई कामगाराच्या हाताला टोचतात.

कुठे आणि केव्हा

बेंबीपासून दोन बोटे सोडून पोट आणि मांडीचा बाहेरचा भाग या सोयीच्या जागा. रोज त्याच ठिकाणी टोचले, की कातडीखाली चरबीची मऊ गाठ तयार होते. तिथे दुखत नाही, म्हणून माणूस पुन्हा पुन्हा तिथेच टोचतो आणि त्या गाठीतून इन्सुलिन नीट शोषले जात नाही. दर वेळी बोटभर अंतर सोडावे आणि आठवड्यातून एकदा जागा चाचपून पाहावी. गाठ सापडली, तर डॉक्टरांना सांगूनच जागा बदलावी, कारण चांगल्या जागी तीच मात्रा जास्त लागू पडते आणि साखर उतरू शकते.

नेहमीचे ३०/७० जेवणाआधी साधारण अर्धा तास घ्यावे लागते. ॲनालॉग प्रकारची नवी मिश्रणे जेवणाला बसतानाच घेतात, कारण ती लवकर सुरू होतात. आपले कोणते, हे विचारून चिठ्ठीवर लिहून घ्यावे. नवे मिश्रण अर्धा तास आधी घेतले आणि पोळ्या व्हायला उशीर झाला, तर ताटावर बसण्यापूर्वीच चक्कर येऊ शकते.

एकादशी, संकष्टी, नवरात्र किंवा रमजानच्या रोज्यांच्या काळात हा प्रश्न जास्त टोकदार होतो. नेहमीची मात्रा घेऊन उपवास करणे धोक्याचे आणि आपल्या मनाने इंजेक्शन बंद करणेही धोक्याचे. उपवास करायचाच असेल, तर काही दिवस आधी डॉक्टरांना भेटून मात्रा आणि वेळ ठरवावी. उलट्या-जुलाब किंवा तापातही जेवण जात नाही म्हणून इन्सुलिन परस्पर थांबवू नये. साखर वारंवार तपासावी आणि लगेच फोन करावा. मूत्रपिंडाचे काम मंदावलेल्या माणसाच्या शरीरात इन्सुलिन जास्त वेळ टिकते, त्यामुळे त्याची मात्रा अधूनमधून तपासून घ्यावी लागते.

फ्रिज, माठ आणि उन्हाळा

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसला, म्हणजे फ्रिजच्या साध्या कप्प्यात ठेवावे. बर्फाच्या खणात किंवा त्याला चिकटून ठेवू नये. एकदा गोठलेले औषध वितळले, तरी निकामीच समजावे. वापरात असलेली बाटली किंवा पेन थंड, सावलीच्या जागी बहुधा चार आठवडे चालते. नेमकी मुदत पाकिटातल्या कागदावर असते. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहून ठेवावी.

विदर्भ-मराठवाड्यात पारा ४० च्या वर जातो, तेव्हा खोलीही थंड राहत नाही. फ्रिज नसेल, तर माठाचा आधार घेता येतो. बाटली प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून डब्यात ठेवावी आणि तो डबा ओल्या वाळूत बसवलेल्या मातीच्या मडक्यात ठेवावा. कोरड्या हवेत हा उपाय चांगला चालतो, कोकणातल्या दमट हवेत कमी. उन्हात उभ्या गाडीत किंवा दुचाकीच्या डिकीत इन्सुलिन कधीही विसरू नये. विमानप्रवासात ते हातातल्या बॅगेत ठेवावे.

साखर उतरली तर

हातपाय थरथरणे, घाम फुटणे, धडधड, एकदम भूक, नंतर चिडचिड, असंबद्ध बोलणे. अशा वेळी साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल, किंवा तपासायची सोय नसेल, तरी लगेच १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. चॉकलेट, पेढा यांतल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे, कमीच असेल तर पुन्हा द्यावी. बरे वाटले की पोळी, भात असे काही खाणे गरजेचे, कारण मिश्रणातला सावकाश भाग अजून काम करत असतो.

माणूस बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही घालू नये, पाणीसुद्धा नाही. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. त्याला कुशीवर वळवावे आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्धीवर आल्यावरही दवाखान्यात न्यावे, कारण काही तासांनी साखर पुन्हा उतरू शकते.

हे सगळे एकट्या रुग्णाने लक्षात ठेवायचे नसते. नजर अधू झालेल्या आजोबांना सिरिंजवरची बारीक खूण दिसत नाही आणि साखर उतरलेल्या माणसाला आपली साखर उतरली आहे, हेही कळत नाही. म्हणून घरातल्या आणखी एकाला तरी बाटलीवरचा आकडा वाचता यावा, मात्रा भरता यावी आणि साखरेचा डबा कुठे आहे, हे माहीत असावे. पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना बाटली, सिरिंज किंवा पेन सोबत न्यावे आणि आपण कसे टोचतो, ते डॉक्टरांना किंवा परिचारिकेला एकदा करून दाखवावे.