संस्थेचें दप्तर संस्थेच्या घरीं

केडगांवांतील एका लहानशा संस्थेचा कारभार मीं कांहीं काळ पाहिला. संस्थेचा सारा ईमेल-व्यवहार, सभांच्या तारखा आणि सभासदांचे पत्ते एका कारकुनाच्या खासगी खात्यांत होते. ते गृहस्थ नोकरी सोडून परगांवीं गेले, आणि ३ वर्षांचा पत्रव्यवहार त्यांच्याबरोबर गेला. दोष त्यांचा नव्हे. संस्थेचें दप्तर संस्थेच्या घरीं ठेवण्याची सोयच आम्हीं केली नव्हती. ती सोय कशी करावी, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

पत्रें, दिनदर्शिका आणि पत्त्यांची वही हीं अनेकांस मिळून वापरतां यावीं, यासाठीं जी संगणकीय व्यवस्था असते तिला ग्रुपवेअर म्हणतात. आणि ती ज्या यंत्रावर चालते तो सर्व्हर. लिनक्स या मुक्त प्रणालीवर अशी व्यवस्था परवान्याचे पैसे न मोजतां उभारतां येते. १९९१ सालीं लिनस टॉरवाल्ड्स यांनीं लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. १९९३ सालीं डेबियन हें त्याचें वितरण सुरू झालें. आपल्याकडे सी-डॅकनें सिद्ध केलेली बॉस ही प्रणालीही डेबियनवरच आधारलेली आहे.

वितरण म्हणजे एक सुसज्ज कोठार समजा. त्यांत प्रत्येक प्रोग्रॅम पॅकेजच्या रूपानें बांधून ठेवलेला असतो, आणि त्यास दुसरीं कोणतीं पॅकेजें लागतात तें त्यावरच नोंदलेलें असतें. पुरणपोळीचा बेत सांगतांच डाळ, गूळ, कणीक व वेलदोडे न विसरतां पाठविणारा वाणी असावा, तसा 'अ‍ॅप्ट' हा येथील कारभारी होय. कोठाराच्या यादीवरील डिजिटल सहीही तो पडताळून पाहतो. यास्तव कोठून तरी आणलेल्या पुडक्यापेक्षां कोठारांतील पॅकेजच पत्करावें.

आम्हीं 'सोगो' हें ग्रुपवेअर निवडलें. परंतु सोगो स्वतः टपाल वाहत नाहीं. पत्रें पाठविण्याचें व स्वीकारण्याचें काम पोस्टफिक्स करतो. आलेलीं पत्रें ज्याच्या त्याच्या खणांत ठेवून मागतांच देण्याचें काम डव्हकॉट करतो. तारखा आणि पत्ते मारियाडीबीसारख्या डेटाबेसांत राहतात. सोगो हें सारें एकाच खिडकींतून दाखवितो. एकाचा दुसऱ्याशीं परिचय मात्र आपणच करून द्यावा लागतो. अ‍ॅप्ट माल आणून देतो, स्वयंपाक करीत नाहीं.

आमची चूक येथेंच झाली. पॅकेजें अर्ध्या तासांत बसलीं. पण यंत्राचें पूर्ण नांव ठरण्यापूर्वींच आम्हीं तीं बसविलीं होतीं. पोस्टफिक्सनें तें अर्धवट नांव धरलें, आणि बाहेर गेलेलीं पत्रें परत येऊं लागलीं. तेव्हां नांव आधीं, पॅकेज मागाहून! टपाल कोणत्या यंत्राकडे द्यावें हें सांगणारी एमएक्स नोंद, यंत्राच्या अंकी पत्त्यावरून त्याचें नांव सांगणारी पीटीआर नोंद, आणि पत्र आपलेंच आहे याची साक्ष देणाऱ्या एसपीएफ व डीकिम या नोंदी प्रथम करून घ्याव्यात. त्या नसल्यास मोठ्या टपालसेवा आपलें पत्र स्पॅममध्यें लोटतात किंवा नाकारतात. घरगुती इंटरनेट-जोडणीवर टपालाचें २५ क्रमांकाचें द्वार पुष्कळदां बंद असतें. म्हणून स्थिर पत्ता असलेलें यंत्र भाड्यानें घेणें सोयीचें पडतें.

शेवटीं एक गोष्ट विसरूं नये. दप्तर घरीं आणलें कीं पहाराही आपलाच. सुरक्षेच्या सुधारणा वेळच्या वेळीं घ्याव्या. दररोज रात्रीं पत्रांची आणि डेटाबेसची प्रत दुसऱ्या जागीं ठेवावी. आणि महिन्यांतून एकदां ती प्रत वेगळ्या यंत्रावर उलगडून पाहावी, कारण न उघडलेल्या प्रतीचा भरंवसा धरतां येत नाहीं. किल्ल्याही दोघांपाशीं असाव्यात. नाहीं तर एका कारकुनाच्या खात्यांतून निघून आपण एका जाणकाराच्या मुठींत सांपडलों, एवढाच काय तो फरक!