नकाशाला प्रश्न विचारू या

पावसाळ्यात परभणी जिल्ह्यात एक बातमी अनेकदा वाचायला मिळते: येलदरी धरणाचे दरवाजे उघडले, नदीकाठच्या गावांनी सावध राहावे. समजा, त्या दिवशी वर्गात एखाद्या विद्यार्थ्याने विचारले, "सर, मग गंगाखेडला पूर येईल का?" उत्तर देण्यासाठी आपण भिंतीवरच्या नकाशाकडे वळतो. त्यात जिल्ह्याची सीमा, नऊ तालुके आणि गोदावरीची निळी रेघ दिसते. पण येलदरीचे पाणी कोणत्या वाटेने कुठे जाते, हे त्या रेघेवरून सहज कळत नाही. छापील नकाशा करणाऱ्याने जे सांगायचे ठरवले, तेवढेच तो सांगतो.

इंटरनेटवरील नकाशांची गोष्ट वेगळी आहे. हे नकाशे लहानमोठे करता येतात, त्यांवर अंतर मोजता येते, नको ती माहिती झाकता येते आणि आपली माहिती त्यांवर मांडता येते. म्हणून त्यांना आपण 'संवादी नकाशे' म्हणू. आपल्यापैकी बहुतेक जण त्यांचा उपयोग रस्ता शोधण्यापुरताच करतात. पण योग्य प्रश्न विचारले, तर हाच नकाशा भूगोल, गणित आणि विज्ञान यांची एकत्र प्रयोगशाळा बनतो.

नकाशा पडद्यावर येतो कसा?

संवादी नकाशा म्हणजे एक प्रचंड मोठे चित्र नसते, तर लहान चौकोनी फरशांनी मढवलेली जमीन असते. अगदी दूरच्या पातळीवर, म्हणजे शून्य पातळीवर, सारे जग एकाच फरशीत बसते. एक पातळी जवळ गेलो की तिच्या जागी चार फरश्या येतात, पुढच्या पातळीवर सोळा. दहाव्या पातळीवर ही संख्या १०,४८,५७६ होते आणि अठराव्या पातळीवर ६,८७१ कोटींच्या पुढे जाते. चारच्या घातांकांचे यापेक्षा बोलके उदाहरण शोधूनही सापडणार नाही. आपण सेलू पाहत असू, तर फक्त सेलूच्या आसपासच्या मोजक्या फरश्याच आपल्या संगणकाकडे पाठवल्या जातात. म्हणूनच एवढा अवाढव्य नकाशा साध्या मोबाइलवरही चालतो.

प्रत्येक फरशीत साधारणपणे २५६ × २५६ ठिपके असतात. पृथ्वीचा विषुववृत्तावरचा परीघ सुमारे ४०,०७५ किलोमीटर. त्याला २५६ ने भागले, की शून्य पातळीवरचा एक ठिपका सुमारे १५६ किलोमीटरचा येतो. प्रत्येक पातळीला हे अंतर निम्मे होत जाते आणि अठराव्या पातळीवर एक ठिपका सुमारे ६० सेंटिमीटरचा होतो. परभणी विषुववृत्तावर नसल्यामुळे तिथे तो सुमारे ५६ सेंटिमीटर भरतो. हा फरक कोसाइन १९.२७ अंश या गुणकाने पडतो, हे दहावीच्या विद्यार्थ्याला पडताळून पाहता येईल.

नकाशावर एखाद्या जागी बोट दाबून धरले, की दोन संख्या दिसतात. परभणी शहरासाठी त्या साधारण १९.२७ आणि ७६.७७ अशा येतात: पहिली अक्षांश, दुसरी रेखांश. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. म्हणजे दशांश चिन्हानंतरचा दुसरा अंक सुमारे १.१ किलोमीटर दाखवतो, तिसरा १११ मीटर, चौथा ११ मीटर आणि पाचवा साधारण एक मीटर. मोकळ्या आभाळाखाली मोबाइलची अचूकता सुमारे पाच मीटर असते. मग तो सात-आठ अंक दाखवत असला, तरी शेवटच्या अंकांना काय अर्थ उरतो? मोजमापातील सार्थ अंकांचा धडा इथे आपोआप शिकवून होतो.

संवादी नकाशाची खरी ताकद मात्र त्याच्या थरांत आहे. नद्यांचा एक थर, रस्त्यांचा दुसरा, उंचीचा तिसरा, असे पारदर्शक कागद एकमेकांवर ठेवावेत तसे हे थर असतात. १८५४ साली लंडनमध्ये कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यू झालेली घरे आणि पाण्याचे पंप एकाच नकाशावर मांडले. मृत्यूंची दाटी ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाभोवती आढळली. घरांची नुसती यादी पाहून ही गोष्ट इतकी स्पष्ट दिसली नसती.

येलदरीचे पाणी

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. नकाशावर जिंतूर तालुक्यातील येलदरीचा जलाशय शोधा आणि नदीच्या वाटेवर बोट ठेवून खाली चला. ही पूर्णा नदी. थोड्याच अंतरावर हिंगोली जिल्ह्यातील सिद्धेश्वर धरण लागते. पुढे तिला दुधना येऊन मिळते आणि पूर्णा तालुक्यात ती स्वतः गोदावरीला मिळते. आता गोदावरीवर गंगाखेड शोधा. ते या संगमाच्या वरच्या बाजूला, म्हणजे पश्चिमेकडे आहे. म्हणजे येलदरीचे पाणी गंगाखेडवरून जात नाही. त्याची काळजी पूर्णाकाठच्या गावांनी, संगमाजवळच्या गावांनी आणि त्याखाली नांदेडने करायची. गोदावरी आधीच तुडुंब असेल, तर संगमाजवळ पाण्याला फुगवटा येतो, हे मात्र लक्षात ठेवायला हवे.

मग गंगाखेडने कोणत्या बातमीकडे लक्ष ठेवावे? त्यासाठी गोदावरीवर उलट्या दिशेने चला. मुद्गल आणि ढालेगाव येथील बंधारे लागतील, माजलगाव धरणाखालून येणारी सिंदफणा मिळेल आणि शेवटी पैठणचे जायकवाडी धरण येईल. गंगाखेडसाठी महत्त्वाचे विसर्ग ते हे. 'जिल्ह्यात पूर' या दोन शब्दांत दोन वेगळ्या नद्यांची कहाणी दडलेली असते. आपले गाव कोणत्या धरणाखाली येते, हे नदीकाठच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असायला हवे. हे ज्ञान पंधरा मिनिटांत, कोणताही खर्च न करता मिळू शकते.

शोध घेताना एक काळजी घ्या. नुसते 'पूर्णा नदी' असे टाइप केले, तर नकाशा कदाचित विदर्भातील पूर्णेवर नेऊन ठेवील. ती तापीला मिळते आणि तिचे पाणी अरबी समुद्रात जाते. आपल्या पूर्णेचे पाणी जाते बंगालच्या उपसागरात! नाव एक आणि समुद्र दोन; जलविभाजक म्हणजे काय, हे शिकवायला याहून चांगली संधी कोणती?

विहिरींचा नकाशा

पुरापेक्षाही मराठवाड्याला अधिक छळणारा प्रश्न टंचाईचा. इथे नकाशांचा उपयोग प्रत्यक्ष नियोजनात झालेला आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात परभणीसह पंधरा जिल्ह्यांतील सुमारे पाच हजार गावे होती. त्यासाठी मुंबईच्या आयआयटीने गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत विकसित केली. पडलेला पाऊस, वाहून गेलेले पाणी, मातीतील ओल, पिकांनी घेतलेले पाणी आणि जमिनीत मुरलेले पाणी यांचा हा हिशेब. त्यासाठी माती, उतार आणि पिके यांचे थर एकमेकांवर ठेवावे लागतात.

असाच एक लहान प्रयोग शाळेलाही करता येईल. गावातील आठ-दहा विहिरी निवडा. मालकांची परवानगी घ्या. मोठ्या माणसाला सोबत घेऊन, दोरीला वजन बांधून, जमिनीपासून पाण्यापर्यंतची खोली मोजा. काठाला कठडा नसेल, तर मुलांना जवळ जाऊ देऊ नका. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे असे चार वेळा मोजमाप करावे. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी साधारण याच महिन्यांत घेते, त्यामुळे तुलना करणे सोपे जाते.

आता खरी गंमत. समजा, 'अ' विहिरीत पाणी ९ मीटर खोल आहे आणि 'ब' विहिरीत ५ मीटर. वर्गात विचारा, पाण्याची पातळी कुठे उंच आहे? बहुतेक विद्यार्थी 'ब' म्हणतील. आता जमिनीची उंची विचारात घ्या. 'अ' जवळची जमीन समुद्रसपाटीपासून ४०२ मीटरवर आहे आणि 'ब' जवळची ३९५ मीटरवर. वजाबाकी केली, तर 'अ' मधील पाणी ३९३ मीटरवर आणि 'ब' मधील ३९० मीटरवर येते. म्हणजे अधिक खोल दिसणारे पाणीच खरे तर उंचावर आहे आणि भूजलाचा कल 'अ' कडून 'ब' कडे आहे! 'अ' च्या बाजूला पाणी जिरवले, तर 'ब' ला त्याचा लाभ होण्याची शक्यता आहे. आणि 'अ' जवळ बोअर पाडून भरमसाठ उपसा केला तर? हा प्रश्न केवळ विज्ञानाचा राहत नाही; तो शेजारधर्माचाही होतो.

जमिनीची उंची संवादी नकाशावर मिळते, पण तिच्यावर डोळे मिटून विसंबू नये. मोफत मिळणारी उंचीची माहिती बहुधा उपग्रह वा अवकाशयानांच्या मोजणीवरून घेतलेली असते आणि तिच्यात काही मीटरची चूक सहज असू शकते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशांवर समोच्च रेषा सर्वसाधारणपणे वीस-वीस मीटरच्या अंतराने असतात. तीन मीटरचा फरक ठरवायला दोन्ही साधने अपुरी पडतात. जवळजवळच्या विहिरींसाठी गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्या आणि टप्प्याटप्प्याने उंचीतील फरक मोजा. साध्या नळीचे मोजमाप इथे उपग्रहापेक्षा भरवशाचे ठरते! शिवाय आपल्याकडे जमिनीखाली काळा पाषाण आहे. पाणी मुरमात आणि खडकाच्या भेगांत साठते. शेजारच्या दोन विहिरी एकाच भेगेवर असतील असे नाही. म्हणून एका नोंदीवरून निष्कर्ष न काढता चारही वेळच्या नोंदी नकाशावर मांडून पाहाव्यात.

नकाशावर आपले गाव

हे सारे मांडायचे कशावर? इस्रोचे 'भुवन' हे नकाशांचे संकेतस्थळ २००९ पासून उपलब्ध आहे. २००४ साली सुरू झालेला 'ओपनस्ट्रीटमॅप' हा नकाशा तर लोकांनीच तयार केलेला आहे; त्यात कोणालाही भर घालता येते. १२ जानेवारी २०१० रोजी हैतीमध्ये भूकंप झाला, तेव्हा राजधानीचा तपशीलवार नकाशा नव्हता. जगभरच्या स्वयंसेवकांनी घरबसल्या उपग्रहचित्रांवरून रस्ते आणि वस्त्या रेखाटल्या आणि मदतपथकांनी तो नकाशा वापरला.

आपल्या गावावर संकट येण्याची वाट कशाला पाहायची? आपल्या गावाचे पान उघडा. मुख्य रस्ता असेल, पण तांडा आहे का? शेतातली वस्ती, ओढ्यावरचा कमी उंचीचा पूल, उन्हाळ्यातही न आटणारा हातपंप, उपकेंद्र? गावाचे नाव मराठीत नीट लिहिले आहे का? ओपनस्ट्रीटमॅपवर मराठी नावासाठी स्वतंत्र रकाना असतो. प्रत्यक्ष पाहिलेलीच गोष्ट भरायची आणि दुसऱ्या नकाशावरून उतरवायची नाही, एवढे दोन नियम पाळले पाहिजेत.

शेतकऱ्यांना नकाशाची ओळख एव्हाना झालेलीच आहे. महाभूनकाशा या संकेतस्थळावर गट क्रमांकावरून शेताचा नकाशा पाहता येतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी शेतात उभा राहून पिकाचे छायाचित्र पाठवतो आणि त्यासोबत त्या जागेचे अक्षांश-रेखांश नोंदले जातात. विद्यार्थ्यांना या दोन संख्यांचा अर्थ कळला, तर घरच्या मंडळींना त्यांची चांगली मदत होईल.

कल्पकतेलाही इथे भरपूर वाव आहे. शेगावहून पंढरपूरला जाणारी गजानन महाराजांची पालखी परभणी आणि गंगाखेडमार्गे जाते. तिच्या मुक्कामांचा थर तयार करा, दोन मुक्कामांतील अंतर मोजा, चढउताराचा आलेख काढा. गोदावरीची दोन ठिकाणांमधली प्रत्यक्ष लांबी आणि सरळ रेषेतील अंतर यांचे गुणोत्तर काढा. नदी किती वळणे घेते ते संख्येत कळेल. १९८४ पासूनची उपग्रहचित्रे क्रमाने दाखवणारे नकाशेही आहेत. त्यांत सेलूजवळील निम्न दुधना प्रकल्पाच्या जागेवर आधी शेते आणि नंतर जलाशय दिसतो. त्या पाण्याखाली काय होते, हे मात्र उपग्रह सांगणार नाही. ते आजी-आजोबांना विचारून, त्यांच्या शब्दांत त्या जागी लिहून ठेवावे लागेल.

काही पथ्ये

नकाशा सुबक दिसतो म्हणून तो खरा असतो असे नाही. उपग्रहचित्र कोणत्या तारखेचे आहे ते आधी पाहावे; मे महिन्यातील कोरड्या तलावाचे चित्र ऑक्टोबरला लावून चालणार नाही. जगाच्या नकाशावर ग्रीनलँड भारतापेक्षा मोठे दिसते, पण प्रत्यक्षात भारत सुमारे ३२.८७ लाख आणि ग्रीनलँड सुमारे २१.६६ लाख चौरस किलोमीटर आहे. गोल पृथ्वी चौकोनी फरश्यांवर पसरण्याची ही किंमत आहे. आणि कोणाच्या घराची, विहिरीची किंवा फोनची माहिती त्यांच्या परवानगीशिवाय सर्वांसमोर ठेवू नये.

शाळेत एकच संगणक असला, तरी हे काम अडत नाही. गावाचा नकाशा एकदा छापून घ्यावा, त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवावेत आणि प्रत्येक गटाला एक थर द्यावा: एकाला विहिरी, दुसऱ्याला ओढे, तिसऱ्याला उतार. सर्व कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरले, की नवे प्रश्न आपोआप दिसू लागतात. पुढच्या ग्रामसभेत 'बंधारा कुठे घालावा' ही चर्चा निघाली, तर हे कागद सोबत घेऊन जावे.