एकाच नंबरावरचे दोन पाटील

एखाद्या छोट्या संस्थेकडे देणगीदारांची यादी मागून बघा. ‘कुठली देऊ?’ असाच प्रश्न येईल. एक एक्सेल फाइल खजिनदारांकडे, पावतीपुस्तकावरून केलेली. दुसरी वार्षिक कार्यक्रमाच्या निमंत्रणांची. तिसरी ऑनलाइन देणग्यांची. या तिन्हींची मिळून एक यादी करायची, हे काम ऐकायला दुपारभराचं वाटतं. माझ्या पीएचडीचा विषयच हा आहे, त्यामुळे घरचेही विचारतात, ‘यात संशोधन ते काय?’

तर सांगते. ‘या दोन रांगांतला माणूस एकच आहे का?’ या प्रश्नाला रेकॉर्ड लिंकेज म्हणतात. हॅल्बर्ट डन यांनी १९४६ साली हे नाव वापरलं, तेव्हा त्यांच्यासमोर माणसाच्या जन्मापासून मृत्यूपर्यंतच्या सरकारी नोंदी होत्या. आपल्यासमोर एक्सेल आहे, आणि त्याचे स्वतःचे नखरे आहेत. मोबाइल नंबरामागे ९१ लावून बारा आकडे टाकले की तो ९.१९ई+११ असा काहीतरी दिसतो. तशीच फाइल सीएसव्ही म्हणून सेव्ह केली, तर दिसतं तेच साठवलं जातं आणि शेवटचे आकडे कायमचे जातात. म्हणून फोनचा कॉलम आधी ‘टेक्स्ट’ करा, मग बाकीचं.

नावांची गंमत वेगळीच. साउंडेक्स ही उच्चारावरून नावं जुळवणारी पद्धत १९१८ मध्ये अमेरिकेत पेटंट झाली. ती पहिलं अक्षर जसंच्या तसं ठेवते. त्यामुळे रोमन लिपीत एकाने ‘डी’ने आणि दुसऱ्याने ‘जी’ने लिहिलेला ज्ञानेश्वर तिच्या लेखी दोन माणसं! देवनागरीत तरी सुटका आहे का? ‘कऱ्हाडकर’मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. पडद्यावर अगदी सारखा, संगणकाला मात्र वेगळा. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन करूनही तो फरक जात नाही. लग्नानंतर बदललेलं आडनाव, वडिलांच्या जागी आलेलं नवऱ्याचं नाव, पावतीवर नुसतंच ‘अण्णा’, हे सगळं आणखी वरून.

म्हणजे तंतोतंत जुळणी विसरा. मग अंदाज कसा बांधायचा? फेलेगी आणि सन्टर यांनी १९६९ मध्ये त्याचं गणित मांडलं, आणि आजही बरीचशी सॉफ्टवेअर त्यावरच उभी आहेत. समजा, तुमच्या भागात वीस माणसांत एक पाटील आहे. दोन्ही रांगा खरंच एकाच व्यक्तीच्या असतील तर आडनाव शंभरात ९५ वेळा जुळेल (बाकी टायपिंगची कृपा). वेगवेगळ्या व्यक्तींच्या असतील तर योगायोगाने ५ वेळा. म्हणजे आडनाव जुळणं हा १९ पट पुरावा झाला. पण आडनाव दोन हजारांत एकाचंच असेल तर तोच पुरावा १,९०० पट होतो. असे प्रत्येक कॉलमचे पुरावे एकत्र करायचे. फार वर गेले तर ‘एकच’, फार खाली राहिले तर ‘वेगळे’, आणि मधल्यांसाठी माणूस बसवायचा. हा तिसरा ढीग मला या सिद्धान्तातला सगळ्यात शहाणा भाग वाटतो.

कारण दोन चुकांची किंमत सारखी नसते. एकाच माणसाच्या दोन नोंदी राहिल्या तर एक निमंत्रणपत्रिका जास्त जाईल. पण एस. आर. पाटील आणि त्यांचा मुलगा, तोही एस. आर. पाटील, पत्ता एक, घरचा फोन एक, यांना जोडून टाकलं तर? आर्थिक वर्ष २०२१-२२ पासून वजावटीच्या देणग्यांचा देणगीदारवार तपशील आयकर खात्याला जातो आणि देणगीदाराला प्रमाणपत्र मिळतं. मुलाची देणगी वडिलांच्या पॅनवर चढली की मुलाची वजावट अडकली. आणि वडील वारलेले असतील, तर त्यांच्या नावाने आलेलं आभारपत्र त्या घरात कसं वाचलं जाईल, याचाही विचार करा.

यात साखळीचा धोकाही आहे. वडील फोनमुळे आईशी जुळतात, आई ईमेलमुळे मुलीशी, आणि बघता बघता अख्खं कुटुंब एक देणगीदार होतं. फोन आणि पत्ता घराची ओळख सांगतात, माणसाची नाही. पॅन असेल तर तो आधी बघा. दोन पॅन वेगळे असतील तर बाकी काहीही जुळो, जोडू नका.

आणि मूळ रांगा कधीच पुसू नका. प्रत्येक रांगेला क्रमांक द्या, आणि ‘ही रांग अमुक व्यक्तीची’ एवढंच सांगणारा वेगळा तक्ता ठेवा. कोणी जोडलं, कशावरून, तेही त्यातच. उद्या धाकटे पाटील ऑफिसात आले तर त्यांची रांग दोन मिनिटांत मोकळी करता येते.

मधल्या ढिगासाठी फोन करणाऱ्यांना एकच सांगणं: ‘तुम्ही तेच का?’ असं विचारू नका. ‘पावती कुणाच्या नावाने हवी?’ विचारा. बहुतेक गुंते तिथेच सुटतात.